शेवटच्या ड्रायरचं कुलूप

ही गोष्ट खरी आहे.

आता लगेच म्हणाल, सगळेच असं म्हणतात. म्हणोत बापडे. मी कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. माझं डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, आणि ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

आधीच सांगते, यात अंधारी रात्र नाही. कुत्री रडली नाहीत, दिवे फडफडले नाहीत. भर दुपार होती, जेवणाची वेळ नुकतीच टळलेली. जागा म्हणजे नर्सच्या वसतिगृहाचं तळघर, तिथली कपडे धुवायची खोली. पांढऱ्या ट्यूबा, साबणाचा वास, पुसून लख्ख केलेली फरशी. भुताने यावं अशी ती जागाच नाही.

तरी तो आला.

तो म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. दादा.

दादा एका कंपनीत मेकॅनिक होता. नाणं टाकून चालणारी मशीन असतात ना, कपडे धुवायची, वाळवायची, वजन करायची, ती सगळी त्याच्याकडे. त्याच कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मी गल्ल्याचे डबे आणि कुलपं दुरुस्त करते. हे काम मला त्यानेच शिकवलं. चुकलं की म्हणायचा, "ठमे, हात आहेत की पाय?" माझं नाव ठमा नाही. पण त्याने एकदा म्हटलं आणि सगळ्या वर्कशॉपने उचललं.

या मशीनच्या गल्ल्याला गोल कुलूप असतं. त्याची चावी सपाट नसते. पेनाच्या टोपणासारखी पोकळ नळी असते, आणि तिच्या कडेला कमी-जास्त खोल खाचा. कुलपाच्या आत गोलात बारीक पिना बसवलेल्या असतात. प्रत्येक खाच आपल्या पिनेला नेमकी जेवढी हवी तेवढीच दाबते. सगळ्या पिना एका पातळीला आल्या की कुलूप फिरतं. एक जरी चुकली, तर ढिम्म हलत नाही.

आमची कुलपं त्यातही वेगळी. चावी बदलायची असेल तर कुलूप खोलून काढावं लागत नाही. एक बदलायची चावी असते. ती घालून नेहमीच्या जागेच्या पुढे, एका खुणेपर्यंत फिरवायची. तिथे पिना मोकळ्या होतात. त्या वेळी ते कुलूप कुणाचंच नसतं. मग ती काढून नवी चावी घालायची आणि मागे फिरवून सरळ करायची. पिना नव्या चावीप्रमाणे बसतात, आणि जुनी चावी तिथल्या तिथे निकामी होते.

कुलपाच्या तोंडावर एक लाल ठिपका असतो. ठिपका वर असेल तर काम पूर्ण. ठिपका बाजूला, खुणेवर असेल तर काम अर्धवट. एवढं लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

आमच्या मालकाला ही कुलपं फार आवडली.

का, सांगू? पूर्वी माणूस काढायचा म्हणजे सगळी कुलपं नवी आणा, जुनी खोला, बसवा. त्या खर्चापायी तरी मालक थोडा विचार करायचा. ही कुलपं आली आणि माणूस काढणं सोपं झालं. इतकं सोपं की तो ते काम ज्याला काढायचंय त्याच्याकडूनच करून घ्यायला लागला.

सकाळी हातात नवी चावी ठेवायची. म्हणायचं, "आज सगळी कुलपं बदलून ये, सुरक्षेसाठी." बिचारा गावभर फिरून एकेक कुलूप बदलतो. संध्याकाळी नवी चावी परत द्यायला येतो, तेव्हा सांगायचं, उद्यापासून येऊ नकोस. खिशातल्या जुन्या चावीने आता एकही मशीन उघडत नाही. त्यानेच तशी व्यवस्था केलेली असते.

वर्कशॉपमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. दादाला तर चांगलंच ठाऊक होतं.

छातीत दुखायला लागल्यापासून दादा जड मशीन उचलत नव्हता. मालकाच्या ते डोळ्यांवर आलं होतं. एका सकाळी त्याने दादाला आत बोलावलं. दादा बाहेर आला तो थेट माझ्या टेबलापाशी.

"बदलायची चावी दे."

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. "दादा, नको जाऊस. तुला कळतंय ना हे काय चाललंय?"

"कळतंय."

"मग?"

"मग काय? काम सांगितलंय, करायला नको?"

"अर्ध्यातून परत ये. फेकून दे चावी त्याच्या तोंडावर!"

"आणि दुसऱ्या कुणीतरी येऊन निस्तरायचं? दे इकडे, ठमे. उगाच आरडाओरडा करू नकोस."

मी दिली. तो गेला.

त्याची शेवटची जागा ते वसतिगृह होतं, आणि शेवटचं मशीन कोपऱ्यातला ड्रायर. बाकी सगळी कुलपं बदलून झाली होती. दुपारी वॉर्डनबाई सहज खाली गेल्या तेव्हा तो ड्रायरसमोर स्टुलावर बसलेला होता. कपाळ दाराच्या गोल काचेला टेकलेलं. बदलायची चावी कुलपात, नवी चावी मुठीत.

दवाखान्यात ती मूठ बोट बोट करून सोडवावी लागली.

त्याच संध्याकाळी मालकाचा ड्रायव्हर वहिनीच्या दारात हजर. दादाला अजून घरीसुद्धा आणलं नव्हतं. "मालकांनी चावी मागितलीय," म्हणाला. वहिनीला कसली शुद्ध! तिने दवाखान्यातून मिळालेल्या पिशवीतून काढून दिली. कंपनीची वस्तू आहे, तिला वाटलं.

मी तिथे असते तर त्या ड्रायव्हरच्या कानाखाली दोन ठेवून दिल्या असत्या.

मालकाला चावीची एवढी घाई का होती, ते मला नंतर कळलं. कंपनीचाच जुना नियम आहे. माणूस कामावर असताना गेला तर राहती खोली बायकोकडे राहते आणि तिला काम द्यावं लागतं. दादा आणि वहिनी वर्कशॉपच्या मागच्या खोलीत राहायचे. वहिनीला माहेर उरलेलं नाही. मूलबाळ नाही. ती खोली गेली तर ती रस्त्यावर, इतका साधा मामला होता.

आणि मालक म्हणाला, तो कामावर नव्हताच.

"सकाळीच सगळी कुलपं बदलून, नवी चावी माझ्या हातात देऊन तो मोकळा झाला होता," म्हणाला. "दुपारी तिथे कशाला गेला, देव जाणे. खोली रिकामी करा."

धडधडीत खोटं! ड्रायव्हर साफ उलटला. आम्ही बोंबलतोय, पण ऐकतंय कोण? शेवटी कामगार कचेरीतल्या साहेबांकडे गेलो. ते भले गृहस्थ, पण थकलेले. म्हणाले, "बाई, तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द. वॉर्डनबाईंनी चावी पाहिली, पण कुठली आणि कशासाठी, हे त्यांना काय कळणार? काम चालू होतं असं काही दाखवता येईल का?"

आणि माझ्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला.

कुलूप!

वॉर्डनबाईंनी बदलायची चावी कुलपातून नुसती ओढून काढून मला दिली होती. फिरवली नव्हती. म्हणजे लाल ठिपका अजून खुणेवरच असणार. मालक खरं बोलत असेल तर तो वर हवा. खुणेवर असेल, तर दादा काम करता करता गेला.

साहेब म्हणाले, "मी स्वतः येऊन बघतो. तोवर हात लावू देऊ नका कुणाला."

वॉर्डनबाई जुन्या नर्स. कुणाच्या बापाला भीत नाहीत. त्यांनी खोलीला स्वतःचं कुलूप घातलं आणि चावी कमरेला खोचली. मालकाचा ड्रायव्हर तिथेही आला होता, म्हणे मशीन तपासायचंय. बाईंनी त्याला असा काही हाकलला की तो पुन्हा फिरकला नाही.

साहेब यायच्या आदल्या दिवशी बाईंचा फोन आला.

"अगं, जरा येऊन जा."

"काय झालं?"

"काही नाही. खाली... आवाज येतोय."

मी हातातलं काम टाकून धावले. मला वाटलं, मालकाने माणूस घुसवला. बाई जिन्यावरच उभ्या होत्या. चेहरा उतरलेला.

"मी जन्म दवाखान्यात काढलाय," त्या म्हणाल्या. "माणसं मरताना पाहिलीत. मला असलं काही वाटत नाही कधी. पण दुपार झाली की..."

"की काय?"

"टक टक. थोडं थांबून पुन्हा टक टक. धातूवर धातू वाजावा तसं."



चावी घालायच्या आधी दादा ती कुलपावर दोनदा हलकेच आपटायचा. अडकलेली पिन सुटते म्हणायचा. वर्कशॉपमध्ये दुसरं कुणी असं करत नाही. मीही नाही.

बाईंनी दार उघडलं.

आत कुणी नव्हतं. ट्यूब लावली. ओळीने मशीन, सगळ्यांचे प्लग काढलेले. हवा दमट आणि गप्प.

पण स्टूल...

दादाला उचलून नेताना ते स्टूल भिंतीकडे सरकवलं होतं. बाईंनी स्वतः सरकवलं होतं. आता ते कोपऱ्यातल्या ड्रायरसमोर होतं. जसं कुणीतरी बसायला ओढून घेतलंय.

मी जवळ गेले. ड्रायरची काच...

काचेवर वाफ धरली होती. एवढासा गोल. कुणी कपाळ टेकून श्वास सोडल्यावर धरते तशी. मी बघत असतानाच ती विरली. आणि हळूहळू पुन्हा धरली.

 पण खरं सांगू? मला भीती वाटली नाही. मला रडू आलं.

मी वाकून कुलूप पाहिलं. लाल ठिपका बाजूला होता, बरोबर खुणेवर.

"दादा," मी म्हटलं. "दादा, असाच थांब. काही करू नकोस. उद्या साहेब येतायत, त्यांनी हे पाहिलं की वहिनीची खोली राहील. ऐकतोयस ना?"

मागून बाई कुजबुजल्या, "कुणाशी बोलतेयस गं?"

मी पर्समधून फोन काढला.

आता हुशार लोक विचारतील, फोटो का नाही काढलास? काढला हो. एक सोडून चांगले पाच-सहा काढले. मशीन स्वच्छ दिसतं, त्यावरचं स्टिकरसुद्धा वाचता येतं. पण कुलपाच्या जागी प्रत्येक फोटोत नुसतं धूसर. मध्ये कुणीतरी बसलेलं असावं तसं.

घरी जाऊन वहिनीला सगळं सांगितलं. म्हटलं, घाबरेल. ती घाबरली नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जरा जीव आला.

"आपल्यासाठीच थांबलेत ते," ती म्हणाली.

"हो ना."

"मला वाटलंच होतं, मला असं उघड्यावर टाकून जायचे नाहीत."

त्या दिवशी ती पोटभर जेवली. मलाही वाटलं, आता काळजी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे वसतिगृहात जमलो. मालक गाडीतून उतरला. परीटघडीचे कपडे, नवी चावी बोटात खेळवत होता. वहिनीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. साहेब जरा उशिरा आले. त्यांचे गुडघे दुखत होते. एकेक पायरी धरून उतरताना वॉर्डनबाईंनी त्यांना हाताचा आधार दिला, आणि खोलीची चावी माझ्याकडे दिली.

"उघड तू. आम्ही येतोच."

मी दार उघडलं. मी आत गेले, मागोमाग मालक. वहिनी उंबऱ्यातच थांबली.

आत पाऊल टाकलं आणि...

टक.

टक.

मालक जागच्या जागी थबकला. "कोण आहे आत?"

कुणीच नव्हतं. ड्रायरसमोर स्टूल. काचेवर वाफेचा गोल. मशीनचा प्लग जमिनीवर पडलेला, तो मला इथूनही दिसत होता.

मी कुलपाकडे पाहिलं. ठिपका खुणेवरच होता. जीव भांड्यात पडला. मी साहेबांना हाक मारायला वळणार, इतक्यात...

ठिपका हलला.

कुलपात चावी नव्हती. चावी मालकाच्या हातात होती. बदलायची चावी माझ्या पर्समध्ये होती. चावीशिवाय ते कुलूप केसभरही फिरत नाही, हे मी रोज करते ते काम आहे, मला कुणी सांगायला नको.

तरी ठिपका हलत होता. हळूच, सावकाश. दादा फिरवायचा तस्साच, मधे कुठे अडतंय का ते बोटांनी चाचपत.

तो सरळ होत होता. वर जात होता.

दादा काम पूर्ण करत होता!

"दादा!" मी किंचाळले. "दादा, थांब! नको! थांब!"

ठिपका थांबला.

मी शपथेवर सांगते, तो थांबला. अर्ध्या वाटेत. वाफेचा गोल काचेवरून विरला, जसं कुणी मान वळवली. खोलीत कसलाही आवाज नव्हता. 

"दादा, वहिनी आलीय," मी म्हटलं. "बघ, दारात उभी आहे. तिची खोली जाईल रे..."

वाफ पुन्हा धरली.

आणि ठिपका फिरला. वर गेला. कट असा आवाज आला, काम बसल्याचा.

त्यानंतर काच स्वच्छ झाली. पुन्हा धरली नाही.

तेवढ्यात साहेब धापा टाकत दारात आले. "काय आरडाओरडा चाललाय?"

"साहेब, आत्ता फिरलं! आत्ता माझ्या डोळ्यांदेखत! यांनीही पाहिलं, विचारा यांना!"

साहेबांनी मालकाकडे पाहिलं. मालक पांढराफटक पडला होता. कपाळावर घाम होता. त्याने पाहिलं होतं. सगळं पाहिलं होतं.

क्षणभर मला वाटलं, आता हा बोलेल. माणूस आहे, बोलेल.

मालकाने रुमालाने तोंड पुसलं.

"मी काही पाहिलं नाही," तो म्हणाला.

मग तो ड्रायरपाशी गेला. पहिल्या खेपेला चावी लागेना. लागली, तेव्हा त्याने फिरवली. लोण्यासारखी फिरली. गल्ल्याचं दार उघडलं.

साहेबांनी वाकून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटत होतं, दिसत होतं.

"काम पूर्ण आहे की हो, बाई."

काय बोलणार? मेलेल्या माणसाने आत्ता येऊन केलं, म्हणून सांगू? सांगितलं मी. तेही सांगितलं. वॉर्डनबाईंनीही आवाजाचं सांगितलं. साहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, "तुम्हाला धक्का बसलाय, मी समजू शकतो."

मी मालकाची वाट अडवली. "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते," तो हळू आवाजात म्हणाला. पहिल्यांदाच खरं बोलला असावा. "महिनाअखेर खोली रिकामी करा."

भूत पाहिलं या माणसाने. समोर, दिवसाढवळ्या. आणि तरी एका विधवेची खोली सोडवली नाही त्याला.

वहिनी आता माझ्याकडे असते. मी ती नोकरी सोडली, दुसऱ्याच्या दुकानात कुलपं दुरुस्त करते. मालक त्या वसतिगृहात पुन्हा गेला नाही म्हणतात. तो ड्रायर अजून तिथेच आहे. नर्स त्यात कपडे वाळवतात. वॉर्डनबाई सांगतात, आवाज वगैरे काही येत नाही, अगदी शांत आहे सगळं. का नसेल? त्याचं काम झालं ना.

लोक विचारतात, तो का आला असेल? मला नाही माहीत. चावीशिवाय कुलूप कसं फिरलं? तेही नाही माहीत. त्याचा मी विचारही करत नाही. मला राग येतो. मालकाचा येतो त्याहून जास्त दादाचा येतो. आयुष्यभर त्या माणसासाठी राबलास, मेल्यावर तरी एक काम अर्धवट सोडायचं होतंस! एकच!

वहिनीला मात्र मी हे बोलून दाखवत नाही. ती दारात उभी होती. मधे मी आणि मालक. तिला कुलूप नीट दिसलं नव्हतं, तिने फक्त माझं ओरडणं ऐकलं.

परवा भाजी निवडता निवडता तिने मधूनच विचारलं, "त्यांना आपण तिथे उभ्या आहोत हे कळलं नसेल का गं?"

मी मान वर केली नाही.

"नसेल कळलं वहिनी," म्हटलं. "कळलं असतं तर थांबला असता."